पायाचं मशीन

"कामून?"

एवढा एकच शब्द, तोही हनुवटी जराशी वर उचलून. नगरकडे आपण 'का' म्हणतो, फार तर 'कशापायी' म्हणतो. 'कामून' हा जामखेडच्या बाजूचा, मराठवाड्याला लागून असलेल्या मुलखातला शब्द. त्या बाईंच्या तोंडून तो आला की आपण आत्ता काय बोललो हे समोरच्याला पुन्हा एकदा तपासून पाहावं लागे. पुष्कळांना ते आवडत नसे. मला पुढे आवडायला लागलं. पहिल्या दिवशी मात्र माझाही तिळपापड झाला होता.

त्या काळी मी नगरच्या कापड बाजारात शिवणाच्या मशीनच्या दुकानात कामाला होतो. मशीन विकायचं, गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन बसवायचं आणि बिघडलं तर दुरुस्त करायचं, सगळं माझ्याकडे. लढाईत विलायतेहून मशीनं येणं बंद पडलं होतं. लढाई संपली तशी ती पुन्हा येऊ लागली आणि येतील तशी खपू लागली.

मशीन घ्यायला पुरुष येत. हे तुम्हीही पाहिलं असेल: ज्या वस्तूवर घरातल्या बाईनं राबायचं, ती पसंत करायला घरातले झाडून सगळे पुरुष निघतात. बैल बघावा तसे ते मशीन बघत. थोपटत, चाकावर टिचकी मारत, खाली वाकून त्याचे पाय तपासत आणि एकमेकांकडे पाहून मान हलवत. कशासाठी हलवत ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. बाई बरोबर आलीच तर दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसे, आणि जे घेतलं जाईल ते आपलं मानून घरी जाई.

या बाईही तशाच पायरीवर बसल्या होत्या. बरोबर सासरे आणि नवरा. घर भिंगारच्या साळ्यांचं, म्हणजे हातमागावर लुगडी विणणाऱ्यांचं. सासरे उंच, वाळके, डोक्याला लाल मुंडासं, बोलणं कमी आणि नजर करडी. घरात तीन माग होते, पण सुतावर कंट्रोल आल्यापासून एक रिकामा पडला होता. सून माहेरी जामखेडला मामाच्या हाताच्या मशीनवर शिवायला शिकून आलेली. पोरांचे कपडे, शेजारपाजारच्या चोळ्या, बाळंतविड्याची झबली-टोपडी हे सगळं त्या घरी सुईनं शिवत. मशीन आलं तर हात भरभर चालेल, रिकाम्या मागाची थोडी भर निघेल, असा घरातला विचार.

"हाताचं दावा," सासरे मला म्हणाले. "घरच्या बाईला हाताचं बास."

मी हाताचं मशीन पुढे मांडलं. काळंभोर, वर सोनेरी वेलबुट्टी, झाकायला लाकडी पेटी. माझं पाठ केलेलं कौतुक सुरू झालं: आवाज नाही, टाका मोत्यासारखा, कुठेही उचलून न्या, चटईवर मांडून बसा. म्हातारे मान हलवू लागले होते. एवढ्यात पायरीवरून आवाज आला.

"कामून?"

आम्ही तिघंही वळलो. बाई उठून उंबऱ्याशी आल्या होत्या. डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, काखेत एक बोचकं.

"हाताचंच कामून, मामंजी? एक हात दांडी फिरवायला गेला. कापड सांभाळायला राहिला एकच. तुमाला कुनी म्हनलं का, एका हातानं माग चालवा म्हनून?"

"मागाचं येगळं."

"येगळं कसं? त्यो बी पायानं चालतो, ह्ये बी पायानं चालतंय." पायाच्या मशीनकडे त्यांनी बोट केलं. "मला दोनी हात मोकळे पायजेत."

म्हाताऱ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, कोणी ऐकतंय का म्हणून. आवाज खाली आणून म्हणाले, "बाईमानसानं पाय हालवत बसायचं? चांगलं दिसतं का? आन् त्यानं पोटाला इजा होती म्हनत्यात."

ही इजा माझ्या चांगल्या ओळखीची होती. दर दोन गिऱ्हाइकांत एक जण ती दबक्या आवाजात काढी. ज्याला पायाचं मशीन घ्यायचं असे त्याला मी सांगे, काही होत नाही हो. ज्याला हाताचं घ्यायचं असे त्याच्यापुढे मी गंभीर चेहरा करून गप्प बसे. दुकानदारीत एवढं चालायचंच.

बाई मात्र गप्प बसल्या नाहीत. "आडावरनं घागरी आनताना पाय न्हाई हालत? जातं वडताना पोट न्हाई हालत? तवा कुनी इजा काढली न्हाई ती."

नवरा बिचारा रस्त्याकडे एकटक पाहत होता. जणू कोणीतरी फार जवळचा नातेवाईक तिकडून यायचा होता.

"बघू तरी द्या," असं म्हणत बाई आत आल्या आणि थेट पायाच्या मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या. त्या स्टुलावर तोवर मी बसत होतो, शिंपी बसत होते, शिंप्यांचे लेक बसत होते. बाई बसलेली मी पाहिली नव्हती. रस्त्यानं जाणारे दोघे-तिघे थबकले. मी नेहमीचं खळ घातलेलं मांजरपाट पुढे केलं. ते त्यांनी बाजूला सारलं.

"ह्ये तुमच्या दुकानाचं कापड. ह्यावर समदीच मशीनं चालत असतील."

बोचकं सोडून त्यांनी जुन्या वाकळेचा जाडजूड तुकडा काढला आणि सुईखाली घातला. मग दोन्ही पाय पायपट्टीवर ठेवले आणि सुरुवात केली.

आणि चालेना. चाक अर्धा वेढा पुढे जाई, गचका खाऊन मागे येई. दोरा तुटला. त्यांनी पुन्हा ओवला, पुन्हा पाय दाबले, पुन्हा तुटला. बाहेरचे हसायला लागले. मलाही, खरं सांगतो, बरं वाटलं. मी खाली वाकून पाहिलं तर बाई एकदा डावा पाय दाबत होत्या आणि एकदा उजवा. मशीनची पायपट्टी एकच असते. दोन्ही पाय तिच्यावर ठेवून टाच आणि चवडा असं झुलवायचं असतं. नवशिक्यांच्या चुका मी ढिगानं पाहिल्या होत्या, पण एक डावा, एक उजवा अशी पावलं टाकणारं मी कोणी पाहिलं नव्हतं.

सासरे हसत नव्हते. ते सुनेच्या पावलांकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

मला त्याचा अर्थ नंतर लागला. हातमाग जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर बसवलेला असतो. विणणारा भुईवर बसून पाय खड्ड्यात सोडतो. खाली दोन पावड्या असतात, एक डाव्या पायाची आणि एक उजव्या. एक दाबली की दुसरी वर येते. ज्यानं माग चालवलाय त्याचेच पाय असे चालतात. आणि त्या घरात बाईनं कांड्या भरायच्या, सुताला खळ द्यायची, पण खड्ड्यात पाय सोडायचा नाही, असा आजा-पणजापासूनचा रिवाज होता.

"तुला मागावर कुनी बसवलं?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

बाईंचे पाय थांबले. आता सारवासारव होईल असं मला वाटलं.

"कुनी न्हाई. मीच बसले."

"कवा?"

"तुमी तापानं पडला हुता तवा. ह्ये सुतासाठी गावाला गेल्ते. लुगडं अर्धं राहिल्तं आन् द्यायचा वायदा तोंडावर आल्ता."

म्हातारे हळूहळू मुलाकडे वळले. "त्ये अंजिरी लुगडं? म्या तुझी पाठ थोपटली. म्हनलं, आता तुझा हात बसला."

"मी काय बोललोच न्हवतो, आबा," मुलगा रस्त्याकडे पाहतच म्हणाला.

म्हाताऱ्यांनी पायताणं घातली आणि पायऱ्या उतरून चालू लागले. मुलगा मागोमाग. दुकानात आम्ही दोघंच राहिलो. आता ही बाई रडेल, निदान धावत मागे जाईल, अशा हिशेबानं मी दार मोकळं करून उभा राहिलो. बाईंनी दोरा ओवला.

"भाऊ, पाय कसं ठिवायचे त्ये दावा आदुगर."

मी हातांनी दाखवलं. एकदाच. त्यांनी दोन्ही पाय जोडून टाच दाबली, चवडा दाबला, आणि चाक सरळ पुढे धावलं. वाकळेचा तो चिवट तुकडा त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवला, उलटा करून टाका पाहिला आणि बोचक्यात टाकला.

"ह्येच," म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

थोड्याच दिवसांत म्हातारे एकटे आले, घासाघीस न करता हाताचं मशीन घेतलं आणि घेऊन गेले. मला वाईट वाटलं. का वाटावं? मशीन खपलं होतं, मालक खूश होता. पण त्या बाईंनी पसंत केलेलं मशीन दुकानात तसंच उभं होतं, आणि ते पुसताना मला उगाच चोरट्यासारखं होई.

मग निरोप आला: मशीन चालत नाही, बघून जा.

मी हत्यारांची पिशवी घेऊन भिंगारला गेलो. मशीन कोनाड्यात, पेटीसकट. शेजारी भुईवर बसून बाई सुईनं टोपडं शिवत होत्या. म्हातारे मागावर होते, ते हात थांबवून बघत बसले. मी पेटी उघडली, तेल घातलं, दोरा ओवला, शिवून पाहिलं. एक टाका चुकला नाही.

"ह्यात काही बिघाड नाही," मी म्हणालो.

"मग चालत कसं न्हाई?"

"मशीन चालतंय, मामंजी," बाई सुईवरून नजर न काढता म्हणाल्या. "मी चालवत न्हाई."

इतक्या वर्षांत मी मशीनचे नाना आजार पाहिले होते. हा नवाच होता, आणि त्याला माझ्या पिशवीत हत्यार नव्हतं. हसू दाबायला मी पुन्हा एकदा तेल घातलं.

म्हातारे मागावरून उठले. रागानं त्यांचं मुंडासं थरथरत होतं. पण माणूस हुशार. दोन येरझाऱ्या घातल्या आणि एकदम शांत झाले.

"घेऊन जा ह्ये. पायाचं आना." मग सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पन एक. ह्या घरात माझ्यापरीस उंच कुनी बसत न्हाई. आमी भुईवर आन् सून स्टुलावर, ह्ये व्हनार न्हाई."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. पायाच्या मशीनला स्टूल लागणारच. म्हाताऱ्यांनी मशीन दिलं होतं आणि त्याच दमात काढूनही घेतलं होतं. ते माझ्याकडे असे पाहत होते, जसं काही, आता कर म्हणावं तिला 'कामून'.

बाईंनी दात लावून दोरा तोडला.

"मग खड्ड्यात बसवा."

"कशाच्या खड्ड्यात?"

"रिकाम्या मागाच्या. मशीन खड्ड्यात, पाय खड्ड्यात, मी भुईवर. तुमच्यापरीस बोटभर बी उंच न्हाई."

"खड्ड्यात बाई बसत न्हाई!"

"बसलेली हाय की."

नवरा दारातून बाहेर पाहू लागला. शेवटी म्हातारे माझ्याकडे वळले. मी नाही म्हणावं अशी त्यांच्या डोळ्यांत आशा होती, ती मला स्पष्ट दिसली.

"बसंल का वो त्ये खड्ड्यात?"

मशीन खड्ड्यात बसवल्याचं मी जन्मात पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. "न बसायला काय झालं?" मी म्हणालो. असलं धाडस माझ्या अंगात कुठून आलं कोण जाणे. बहुधा तिथल्या हवेतच होतं.

मशीन घेऊन गेलो त्या दिवशी म्हाताऱ्यांनी रिकामा माग स्वतः सोडला, कोणाला हात लावू दिला नाही. दसऱ्याला पूजतात तसं खड्ड्याच्या काठाला हळदकुंकू वाहिलं. मग माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"मशीन तुमचं, खड्डा माझा. मापं मी घेनार."

आणि त्यांनी घेतली. वितीनं, बोटानं, दोरीनं. खड्डा जरा जास्त खोल होता, तर तळाला फरशी टाकली. पट्टा भिंतीला घासत होता, तर ती बाजू त्यांनी पहारेनं मोकळी केली. म्हातारा माणूस घामानं निथळत होता, पण पहार हातातून सोडत नव्हता. अखेर मशीन बसलं. वरची फळी भुईपासून जेमतेम मांडीवर आली. बाई काठावर बसल्या, लुगडं सावरलं आणि सासऱ्यांच्या देखत खड्ड्यात पाय सोडले. सवयीचा पाय. पहिल्याच झटक्याला डावा, उजवा.

"जोडून!" म्हातारे ओरडले. "दोनी पाय जोडून! ह्यो माग न्हाई!"

कुठल्या तरी शिंप्याकडे जाऊन त्यांनी सगळं नीट पाहून ठेवलं होतं तर. मी दुसरीकडे तोंड फिरवलं, कारण माझे डोळे भरून आले होते.

त्यांचं भांडण मिटलं असं मात्र समजू नका. मी तेल घालायला, पट्टा बदलायला जाई तेव्हा काही ना काही चाललेलं असे. बाई मागावरच्या राहिलेल्या तुकड्यांतून, लुगड्याच्या काठाची झालर लावून कुंच्या शिवत. भिंगारात जन्मलेलं पोर त्यांची कुंची घालूनच पहिल्यांदा घराबाहेर निघे. म्हातारे म्हणत, "म्या काठ विनायचा आन् हिनं त्याची टोपडी करायची." बाई म्हणत, "लुगडं नेसनारी बी आदुगर टोपडंच घालती." शेजारी शेजारी दोन खड्डे, एकात त्यांची पावडी, दुसऱ्यात हिची पायपट्टी, आणि वर दोघांचीही तोंडं चालू. पावसाळ्यात खड्ड्याला ओल येते, मशीन गंजेल, वर घ्या, असं मी एकदा सुचवून पाहिलं. काय उत्तर मिळालं असेल ते तुम्हाला सांगायला नको.

एकदा मी तिथे असताना कोणी व्यापारी आला आणि हल्ली तुमच्याकडे माग किती चालू, असं त्यानं विचारलं. सुताची तंगी अजून होतीच. "तीन," म्हातारे म्हणाले. "तिन्ही चालू हायेत." आणि तिसरा कुठला हे त्या माणसाला त्यांनी सांगितलं नाही.

पुढे मीही ती नोकरी सोडली. ते घरही भिंगार सोडून इचलकरंजीच्या बाजूला गेलं असं कानावर आलं. बाई आता असतील की नाहीत, मला ठाऊक नाही. शेवटचं त्यांना पाहिलं ते म्हातारे गेल्यानंतर. दिवसकार्य उरकल्यावर मी भेटायला गेलो होतो.

नवऱ्यानं मला बाहेरच गाठलं. "बरं झालं आलात. जरा मशीनचे पाय समतल करून द्या." आत जाऊन पाहतो तर मशीन खड्ड्यातून वर काढलेलं. खिडकीशी, उजेडात, पुढे नवंकोरं स्टूल. आयुष्यभर रस्त्याकडे पाहणाऱ्या त्या माणसानं पहिल्यांदाच आपल्या मनानं काहीतरी केलं होतं आणि ते बायकोसाठी केलं होतं. मला त्याचं कौतुक वाटलं.

बाई मागच्या दारानं आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"ह्ये कुनी वर काढलं?"

"म्या," नवरा म्हणाला. "आता वर बसत जा. तुला खाली बसवनारं मानूस गेलं."

"मला कुनी खाली बसवलं न्हवतं." बाई मशीनपाशी गेल्या. "ती जागा मी मागितली हुती. आन् त्यांनी दिली हुती. खाली घ्या ह्ये."

आम्ही दोघांनी मशीन धरून खाली सोडलं, त्याच फरशीवर. बाई काठावर बसल्या. शेजारच्या मागावर अर्धवट विणलेलं लुगडं तसंच ताणलेलं होतं आणि खालचा खड्डा रिकामा. तिकडे त्यांनी पाहिलं नाही. पाय सोडले, जोडून, आणि मशीन सुरू केलं. जोरात, थांबायचं नाव नाही. सुईत दोरा नव्हता. खाली कापड नव्हतं.

माझा धंदाच तो, राहवलं नाही. "बाई, रिकामं चालवू नका," मी म्हणालो. "सुईखालचे दाते झिजतात."

"झिजू द्या, भाऊ," पाय न थांबवता बाई म्हणाल्या. "घर लई गप झालंय."